भिकननानांचं होल्टेज

भिकननानांची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. इंजिन नव्हे, ते बिचारं गरीब आहे. ऐकू येते ती साखळी. गाडीच्या मागे, नंबरप्लेटखाली, हातभर लांबीची लोखंडी साखळी लोंबते आणि धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या कॉलनीच्या सिमेंटच्या रस्त्यावर खळ्ळखळ्ळ घासत येते. नवीन भाडेकरूंना पहिल्या दिवशी वाटतं, कुणाचा तरी बैल सुटला. दुसऱ्या दिवशी ते गॅलरीत येऊन बघतात. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारतात, "नाना, ही साखळी कशासाठी?"

"अर्थिंग," नाना म्हणतात.

एवढ्यावर नाना थांबले असते तर प्रश्नच नव्हता. पण समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली की नाना गाडीतून बाहेर येतात. "घरना मीटरले अर्थिंग जोयजे का नही? पानीनी मोटरले जोयजे का नही? मंग गाडीनी काय चोरी करी?" गाडीचे टायर रबराचे, त्यामुळे ती जमिनीपासून तुटलेली. साखळीने नानांनी तिला धरणीमातेशी जोडून दिलं. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकतात, म्हणून बॉनेटच्या आत एका फडक्यात खडेमीठ आणि लाकडी कोळसा बांधलेला आहे. मीठ दर महिन्याला बदलतात. जुनं मीठ अक्का, म्हणजे नानांच्या सौभाग्यवती, घरात घेऊ देत नाहीत, ते कडुलिंबाच्या मुळाशी जातं. तो लिंब आता वाळत चालला आहे.

मी धुळ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत विजेच्या प्रकरणावर माझ्याशी कुणी वाद घातला नव्हता, कारण वाद घालायला विद्यार्थी जागे असावे लागतात. नाना शेजारी राहायला आले आणि ती उणीव भरून निघाली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना समजावलं, की नाना, गाडीच्या बॅटरीचं एक टोक गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं, जमिनीशी तिचा काही संबंध नसतो. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सर, तुमनं पुस्तकमातलं करंट येगळं, मना हातमातलं येगळं. माले ते गंज येळा चावेल शे."

ज्याला करंट इतक्या वेळा चावला आहे, त्याच्याशी न चावलेल्या माणसाने काय बोलावं! मी चहा घेऊन परत आलो.

नानांची सगळी हयात चोपड्याला गेली. तिथे त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. केळीच्या बागांना पाणी देणाऱ्या मोटारी जळाल्या की शेतकरी त्या नानांकडे आणायचे आणि नाना जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून द्यायचे. हातात कसब असं, की नुसता आवाज ऐकून मोटर कुणाच्या विहिरीवरची आहे ते सांगत. आता आमच्या खान्देशात वीज येते, पण अंगात ताकद घेऊन येतेच असं नाही. अशा वेळी मोटर नुसती घूं घूं करते, फिरत नाही. त्याला 'मोटर उचलत नाही' असं म्हणतात. मग तिला एक कंडेन्सर लावतात आणि ती उचलते. हे खरं आहे, माझ्या पुस्तकातही आहे. नानांची चूक एवढीच, की हा नियम त्यांनी सगळ्या सृष्टीला लावला. जगातली प्रत्येक अडलेली गोष्ट त्यांच्या मते उचलत नाही, आणि न उचलण्याचं कारण एकच.

"होल्टेज डाऊन शे."

माझ्या बायकोला, सुनीताला, उन्हात चक्कर आली. नानांनी कुंपणावरूनच निदान केलं, "वहिनीनं होल्टेज डाऊन शे," आणि गूळ-शेंगदाण्यांची वाटी पाठवली. तिला बरं वाटलं, हे मला नाइलाजाने सांगावं लागतं. कॉलनीतल्या एका मुलाचं लग्न जमत नव्हतं, त्याचंही होल्टेज डाऊन होतं. माझ्या वर्गाचा निकाल पडला तेव्हा मी म्हणालो, "नाना, मुलांचं होल्टेज डाऊन आहे." नाना क्षणभर विचार करून म्हणाले, "पोरेस्नं नही सर. लाइन तुमनाकडथीन जास." त्या दिवशी मी चहालाही थांबलो नाही.

दवाखाने जवळ असावेत म्हणून दुकान बंद करून नाना-अक्का धुळ्याला आले, तेव्हा नानांसोबत दोन पोती सामान आलं. ते सगळं हळूहळू गाडीत गेलं. गाडी आठशे सीसीची, कधीकाळी लाल असलेली. तिचं बॉनेट उघडलं की पाहणारा एक पाऊल मागे सरकतो. समोरच केळीच्या फणीसारखे ओळीने बांधलेले बारा कंडेन्सर. इंजिनापासून बॉडीपर्यंत आणि बॉडीपासून बॅटरीपर्यंत बोटाएवढ्या जाड तांब्याच्या तारा. पेट्रोलच्या नळीला जुन्या स्पीकरमधली दोन लोहचुंबकं चिकटवलेली. "पेट्रोल वाकडंतिकडं येस. लोहचुंबक त्याले लाइनमा लावस." हवेच्या नळीत भंगारातल्या कॉम्प्युटरचे दोन पंखे. त्यांना नाना 'टर्बो' म्हणतात. "इंजिनले बी दम लागस सर. त्याले वारा घालना पडस." या सगळ्याला करंट पुरावा म्हणून मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी, आणि स्टेअरिंगशेजारी घरातल्यासारखा स्विचबोर्ड. पाच बटणं. त्यातलं एक चुकून दाबलं तर गाडीत घंटी वाजते, कारण तो बोर्ड मुळात कुणाच्या तरी दाराचा होता.

पण नानांची सगळ्यात मोठी करामत दोन रुपयांची आहे. इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे हे मोजणारा एक सेन्सर गाडीत असतो. हवा थंड आहे असं कळलं की गाडीचा मेंदू थोडं जास्त पेट्रोल सोडतो. नानांनी त्या वायरीत दोन रुपयांचा रेझिस्टर घातला. "गाडीले सांगी टाकं, तू महाबळेश्वरमा शेस." तेव्हापासून धुळ्याच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं आहे, कुत्री नळाखाली जागा धरून बसली आहेत, अशा दुपारी नानांची गाडी मात्र महाबळेश्वरात फिरते. काळा धूर सोडते ते थंडीमुळे, असं नाना सांगतात.

एकदा त्यांनी मोबाईलवर जाहिरात बघून एक प्लग मागवला. तो गाडीत खोचला की ताकद दुप्पट होणार होती. मी तो नानांसमोर स्क्रू काढून उघडला. आत एक लुकलुकणारा दिवा आणि बाकी काही नाही. मला फार आनंद झाला. नानांनी तो उलटसुलट करून बघितला. "दिवा चांगला शे," म्हणाले, आणि देवघरात लावून टाकला. तो अजून लुकलुकतो आहे आणि अक्का त्याला रोज हळदकुंकू वाहतात.

या सगळ्यात एक गोष्ट मला लक्षात यायला दोन वर्षं लागली. नानांच्या तोंडी एक शब्द नाही.

एकदा त्यांनी मला बसस्टँडवर सोडलं. दुसरा कुणीही म्हणाला असता, "उतरा सर." नाना म्हणाले, "चला सर, बाहेर या." मग मी कान देऊन ऐकू लागलो. नानांच्या घरात ताप उतरत नाही, 'जातो'. बाजारात भाव उतरत नाहीत, 'पडतात'. रस्त्याला चढ असतो, पण उतार नसतो; 'खालनी बाजू' असते. मी जरा चावटपणाही करून पाहिला. समोरच्या घराला रंग देणारा माणूस शिडीवरून येत होता. मी म्हणालो, "नाना, तो बघा काय करतोय?" नाना म्हणाले, "खाले ई ऱ्हायना." माणूस पक्का होता.

दुसरी नवलाची गोष्ट म्हणजे, अक्का त्या गाडीत कधीही बसत नाहीत. अक्का म्हणजे अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून भारदस्त. कॉलनीतल्या सगळ्या बायकांच्या वाळवणांवर त्यांची देखरेख असते. मंगळवारी त्या देवीच्या दर्शनाला रिक्षाने जातात. आणि रिक्षाच्या मागे, पन्नास पावलांवर, साखळी वाजवत नानांची रिकामी गाडी जाते. देवळाशी नाना गाडीतच बसून राहतात. दर्शन झालं की पुन्हा रिक्षा पुढे आणि नाना मागे. मला वाटायचं, अक्कांना करंटची भीती वाटत असणार. बॉनेटमधलं दृश्य बघून कुणालाही वाटावी.

एकदा वांग्याचं भरीत खायला त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. नाना बाहेर बॉनेटात डोकं घालून उभे होते. मी अक्कांना विचारलं, "अक्का, नाना 'उतर' हा शब्द का म्हणत नाहीत हो?"

अक्का भाकरी थापता थापता इतक्या हसल्या, की भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटली. मग त्यांनी सांगितलं.

अक्कांचं माहेर कन्नडच्या घाटावर. चाळीसगाव सोडलं की घाट लागतो, तो चढला की थोड्या अंतरावर गाव. नऊ वर्षांपूर्वी नानांनी ही गाडी जुनीच, पण हौसेने घेतली आणि आखाजीला बायकोला गाडीतून माहेरी न्यायचं ठरवलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, आणि झोक्यावर बसून गाण्यांतून सगळ्या गावाची उणीदुणी काढतात. तर त्या आखाजीला गाडीत नाना, अक्का, अक्कांची धाकटी बहीण, तिची दोन पोरं आणि आंब्यांच्या दोन टोपल्या. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी घूं घूं करू लागली. मागे ट्रकांचे हॉर्न. नाना गडबडले आणि बायकोकडे वळून म्हणाले, "उतर!"

"बहीनले नही सांगं," अक्का म्हणाल्या, "पोरेस्ले नही सांगं, आंबानी टोपलीले नही सांगं. माले सांगं!"

अक्का उतरल्या. त्यात चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन त्या घाट चढू लागल्या आणि पुढे नानांची गाडी, त्यांच्यापेक्षाही हळू. तेवढ्यात मागून अक्कांच्या माहेरची जीप आली आणि चुलतभावांनी हे सगळं डोळे भरून पाहिलं. त्या संध्याकाळी झोक्यावर नवं गाणं तयार झालं.

अक्कांनी ते तिथल्या तिथे, पिठाच्या हातांनी ताल धरत म्हणून दाखवलं:

"जवाईनी गाडी, चढे ना घाट,
अक्का उतरनी, चालनी वाट!"

ते गाणं दर आखाजीला होतं. अक्का दरवर्षी एस.टी.ने जातात, झोक्यावर बसतात आणि स्वतःवरचं गाणं स्वतःच म्हणतात. नाना मात्र त्यानंतर सासुरवाडीला गेले नाहीत. लागोपाठ आठ आखाज्या घरी एकटेच खिचडी टाकून राहिले. आणि कंडेन्सर वाढवत गेले.

दोन वर्षं मी या माणसाला हसत होतो. सगळ्या कॉलनीला वाटायचं, म्हाताऱ्याला गाडी पळवायची हौस आहे. त्याला गाडी पळवायची नव्हतीच, फक्त एक घाट चढायचा होता, तोही बायको आत बसलेली असताना.

मग मी ठरवलं, की आपण नानांना शास्त्रीय मदत करायची. एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्या ओट्यावर बसलो. पंखे किती करंट खातात, दुसरी बॅटरी भरायला इंजिनाला किती जोर लावावा लागतो, सगळं मांडलं आणि बेरीज करून दाखवलं, की नाना, या सगळ्या वस्तू मिळून इंजिनाला काही देत नाहीत, उलट त्याच्याकडूनच घेतात. नानांनी कागदावर बोट ठेवलं.

"सर," ते म्हणाले, "घाटमा एक मानूस कमी व्हयना, ते कितलं फरक पडी?"

मी हिशेब केला. "तुमची गाडी हलकी. एक माणूस आणि ती दुसरी बॅटरी कमी झाली, तर दहातला एक हिस्सा वजन कमी."

नानांनी कागदाची घडी घातली आणि अंगातल्या कोपरीच्या खिशात ठेवली. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी बॉनेटात तेरावा कंडेन्सर होता.

यंदा आखाजी जवळ आली तशी कॉलनीत एक नवी बातमी आली. अक्का माहेरी जाणार नव्हत्या. त्यांचा गुडघा इतका दुखत होता, की एस.टी.ची पहिली पायरीच चढवेना. दरवर्षी न्यायला येणारे त्यांचे थोरले भाऊ, त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. "औंदा आखाजी आठेच, याच घरमा," अक्का सुनीताला म्हणाल्या, अगदी सहज, तांदूळ निवडता निवडता. "पंचेचाळीस वरीसमा पहिली डाव." आणि मग तांदळातला नसलेला खडा शोधत राहिल्या.

खिडकीबाहेर नाना बॅटरीचा स्क्रू आवळत होते. तो आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले. चष्मा कपाळावर नव्हता, डोळ्यांवर होता, म्हणजे प्रकरण गंभीर. "सर, तुमी सांगा तिले. गाडी तयार शे. मी सांगसू ते ती नही म्हनी."

मी वकिली करायला गेलो. अक्कांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी संगे येतस का?"

"मी? मी कशाला?"

"गाडीमा एक तरी शाना मानूस जोयजे."

अशा रीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा शहाणा ठरलो आणि आखाजीच्या सकाळी सहा वाजता मागच्या सीटवर बसलो. माझ्या पायांत दुसरी बॅटरी, मांडीवर सांजोऱ्यांचा डबा. पुढे नाना आणि नऊ वर्षांनी त्यांच्या शेजारी अक्का. नानांनी नवा सदरा घातला होता. अक्का बसल्या तेव्हा गाडी डावीकडे जराशी कलली आणि नाना पटकन म्हणाले, "ते टायरमा हवा कमी शे." अक्का खिडकीतून बाहेर बघून हसल्या एवढंच.

चाळीसगावपर्यंत नाना अखंड बोलत होते. घाट दिसू लागला आणि ते गप्प झाले. पायथ्याशी त्यांनी एकेक बटण दाबायला सुरुवात केली. "एक नंबर, टर्बो. दोन नंबर, कंडेन्सर." तिसऱ्याला घंटी वाजली. कुणी हसलं नाही.

पहिलं वळण गाडीने चढलं. दुसरंही चढलं. नाना पुढे झुकून स्टेअरिंगला छाती लावून बसले होते, जणू स्वतःच ओढत होते. मी मागे श्वास धरून बसलो होतो, त्याने वजन कमी होत नाही हे मी मुलांना शिकवतो, तरीही. तिसरं वळण आलं. पंखे घोंगावत होते, साखळी खळखळत होती, काळा धूर महाबळेश्वर-महाबळेश्वर करत होता, आणि त्या सगळ्या आवाजाखाली मला तो दुसरा आवाज ऐकू आला. घूं घूं. गाडी थांबली. नानांनी पुन्हा स्टार्टर मारला. पुन्हा घूं घूं. मागे एका टेम्पोने हॉर्न धरला.

गाडी उचलत नव्हती.

नाना समोर बघत होते. त्यांच्या कानशिलावरून घामाचा एक ओघळ कॉलरमध्ये गेला. मी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी खाली वाकून हळूच चपला काढल्या, हातात घेतल्या आणि दुसरा हात दाराच्या कडीला लावला. कुणी काही म्हणायच्या आधीच. त्या दुखऱ्या गुडघ्याने.

नानांनी ते पाहिलं.

"थांब," ते म्हणाले. त्यांनी हॅन्डब्रेक खर्रकन ओढला. "मी उतरस."

दोन वर्षं मी ज्या शब्दाची वाट बघत होतो, तो असा आला. नाना दार उघडून उतरले. पुढे जाऊन बॉनेट उघडलं आणि पंख्यांची वायर उपटली. मग मागचं दार उघडून त्यांनी माझ्या पायांतली बॅटरी तारा तोडून काढली आणि खांद्यावर घेतली. "सर, स्टेरिंगवर बसा."

"नाना, मी स्कूटरवाला माणूस! गाडी चालवायला लायसन्स आहे फक्त—"

"तुमना कागदमा लिखेल शे," नाना म्हणाले. "एक मानूस, एक बॅटरी. दहामातला एक हिस्सा." त्यांनी सदऱ्याआतल्या कोपरीच्या खिशावर थाप मारली. घडी अजून तिथेच होती.

मी बसलो. स्टार्टर मारला, पहिला गिअर टाकला, देवीचं नाव घेतलं, हॅन्डब्रेक आणि क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि उचलली. खरोखर उचलली. हळू, पण थांबली नाही. आरशात नाना दिसत होते, खांद्यावर बॅटरी घेऊन घाट चढणारे, टेम्पोवाल्याला हाताने 'हळू, हळू' करणारे. वळणावर ते दिसेनासे झाले. अक्का सगळा घाटभर मान मागे वळवून बसल्या होत्या, चपला अजून हातातच.

वर चहाच्या टपरीशी मी गाडी लावली. शर्ट पाठीला चिकटला होता. "अक्का, उतरा. पाय मोकळे करा, चहा घेऊ."

"नही," अक्का नानांच्या वाटेकडे बघत म्हणाल्या. "त्या येवोत पहिले."

आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने त्या आपणहून बोलल्या, माझ्याकडे न बघता. "सर, तुमले वाटस माले राग उना व्हता. गाडीमा बसत नही म्हनीसन."

"आला नव्हता?"

"उना ना. दोन दिन. तिसरा दिन गया बी." त्यांनी चपला मांडीवर ठेवल्या. "पन मी बसनी, अनि गाडी परत नही उचलनी, ते त्यासले परत तोच सबद बोलना पडी. तो सबद तोंडमाथीन गया तवपासून त्या मानूस त्याले भ्याई ऱ्हायना. मना पायले काय, पाय ते चालतस."

एक माणूस नऊ वर्षं गाडीत ताकद भरत होता, बायकोला उतरायला लागू नये म्हणून. आणि बायको नऊ वर्षं रिक्षात बसत होती, त्याला ते म्हणायला लागू नये म्हणून. माझ्या कुठल्याच सूत्रात हे बसत नव्हतं आणि मला दोघांचाही राग आला, इतकं एकमेकांना न सांगितल्याबद्दल. मी जाऊन चहा सांगितला.

नाना आले तेव्हा लालबुंद झाले होते. सदरा खांद्यावर बॅटरीने काळा केला होता. त्यांनी बॅटरी खाली ठेवली, गाडीपाशी आले आणि अक्कांकडे बघत मला विचारलं, "सर, इंजिन गरम ते नही ना व्हयनं?"

अक्कांनी डबा उघडून एक सांजोरी त्यांच्यापुढे धरली. "खा. तुमनं होल्टेज डाऊन शे."

नानांनी निमूट खाल्ली. मग अक्का गाडीतून उतरल्या, नानांच्या खांद्याला धरून.

संध्याकाळी गावात लिंबाला झोके बांधले होते. नाना नऊ वर्षांनी आले म्हणून पोरीबाळींना चेव चढला आणि त्यांनी तेच गाणं सुरू केलं. अक्का उतरनी, चालनी वाट. मी चोरून नानांकडे पाहिलं. ते पुरुषांच्या घोळक्यातून उठले, थेट झोक्यापाशी गेले आणि ओरडले, "चुकाडी ऱ्हायनात! अक्का नही, जवाई उतरना! नीट म्हना." त्यावर पोरींचा असा गलका झाला, की पुढचं गाणं कुणालाच ऐकू आलं नाही.

अक्का चार दिवस माहेरी राहणार होत्या. दुसऱ्या दिवशी मी आणि नाना दोघेच परत निघालो. घाटाच्या तोंडाशी नानांनी इंजिनाकडे कान दिला आणि समाधानाने म्हणाले, "आते बठ्ठा उतार शे." पुढे मी विचारलं, की नाना, आता हे कंडेन्सर काढायचे का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलला. दुसरी बॅटरी ते अक्कांच्या भावाकडे ठेवून आले होते. तिथली विहिरीची मोटर उचलत नाही म्हणे.

दुपारी कॉलनीच्या फाटकाशी साखळी खळ्ळ करून थांबली. नाना समोर बघत होते, चष्मा कपाळावर होता.

"चला सर," ते म्हणाले. "उतरा."

मी उतरलो.